बढतीचं पत्र नीट वाचा

नोकरीत काम बदललं की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘पगार किती वाढला?’ मला वाटतं, आधी पदाचं नवं नाव वाचावं.

कोल्हारचे माझे मामू एका खासगी कारखान्यात फिटर. 22 वर्षं पाना हातात. यंदा त्यांना पत्र मिळालं: आजपासून तुम्ही सुपरवायझर, पगार 20,000, ओव्हरटाइम नाही. मामींनी गल्लीत पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी मामू कामावर गेले तर पाना तोच, मशीन तेच, हाताखाली एकही माणूस नाही. आधी ओव्हरटाइम धरून 24,000 हाती पडत, तेही गेले.

‘बेटा, साहेब केलंय म्हणतात, मग तक्रार कसली करायची?’ हा त्यांचा सवाल.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याचं कलम 9-अ सांगायचं की वेतन, भत्ते, कामाचे तास, श्रेणी यांत बदल करायचा तर मालकाने आधी नोटीस द्यावी आणि 21 दिवस थांबावं. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ही तरतूद कलम 40 मध्ये आहे. नुसतं एका मशीनवरून दुसऱ्यावर पाठवलं तर कायदा सहसा मध्ये पडत नाही. पगाराला, श्रेणीला धक्का लागला की पडतो.

खरी मेख पुढेच आहे. हे संरक्षण ‘कामगारा’ला. देखरेखीचं काम करून महिन्याला 18,000 रुपयांपेक्षा जास्त घेणारा त्या व्याख्येत बसत नाही. म्हणून बढती ही कधीकधी माणसाला कुंपणाबाहेर काढायची युक्ती ठरते. पण कोर्ट पाटी बघत नाही. आनंद बाजार पत्रिकेच्या खटल्यात 1969 साली सर्वोच्च न्यायालयाने भविष्य निर्वाह निधी विभाग सांभाळणाऱ्या कारकुनाला, हाताखाली माणसं असूनही, कामगारच मानलं. त्याचं मुख्य काम काय, हे महत्त्वाचं ठरलं.

तेव्हा मामूंना म्हटलं, काम नाकारू नका, उलट शिस्तभंगाचं निमित्त मिळेल. पत्राची पोच द्या, पण ‘बदल मान्य नाही’ असं लिहून. पगाराच्या जुन्या पावत्या जपा. रोज काय केलं ते वहीत टिपा. युनियन असेल तर तिच्याकडे जा, नसेल तर अहिल्यानगरच्या कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज द्या.

वहीचं मामींना लगेच पटलं. लिहितात त्याच, खाली सही मामूंची. मामूंचं अक्षर खुद्द मामूंनाही लागत नाही.