आमची नवी करवत

मैत्रिणींनो, नवा मिक्सर आणला किंवा शिलाई मशीन बदललं की आपण चारचौघींना सांगतोच. मी आज तुम्हाला लाकडाचे ओंडके कापायची करवत बदलल्याची हकीकत सांगणार आहे. हसू नका! वीस-बावीस हजारांची वस्तू घरात येते, तेव्हा ती स्वयंपाकघरात ठेवायची की पडवीत, यावरून तिची किंमत ठरत नाही.

टेमघर म्हणजे आता भिवंडी शहराचाच भाग. कल्याणचा रस्ता जवळ, रस्त्यावर मेट्रोचे खांब, घरोघर गॅस. मग लाकडं कशाला, असं तुम्ही म्हणाल. लाकडं लागतात भाकरीला. आमच्याकडे आगरी घरात लग्न निघालं की हळदीला तांदळाच्या भाकऱ्या हव्यातच. पूर्वी भावकीतल्या बायका जमून थापायच्या. आता नोकऱ्या, शाळा, क्लास यांतून कोणाला सवड आहे? सासूबाई, जाऊबाई आणि शेजारच्या तिघीजणी गेली सात वर्षं ऑर्डरी घेतात. भर हंगामात एका रात्रीत पाच-सहाशे भाकऱ्या होतात. मी सकाळी शाळेत अर्धवेळ शिकवते, म्हणून माझ्याकडे हिशेब आणि उकड काढणं. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा घेतला तर नफा शेगडीतच जातो. आणि चुलीवरच्या भाकरीचा पापुद्रा पाहूनच तर गिऱ्हाईक येतं. तेव्हा मागच्या अंगणात तीन चुली आणि भिंतीला लाकडांची रास.

वखारीत फोडलेलं लाकूड महाग, ओंडका स्वस्त. म्हणून आम्ही ओंडके घेतो. पूर्वी शहापूरकडचे एक काका दिवाळीनंतर येत आणि आठवडाभर राहून कुऱ्हाडीने सगळं उरकून देत. त्यांचा खांदा गेला, तेव्हा ह्यांनी फोनवरून विजेवर चालणारी एक स्वस्तातली साखळीची करवत मागवली. आंब्याचं लाकूड ती बरं कापी. चिंचेचा ओंडका लागला की अर्ध्यात अडकून गुरगुरायची, मग जळका वास. साखळी सैल होऊन उतरायची ती वेगळीच. आणि अंगणात धुण्याचं पाणी सांडलेलं, त्यातून पिवळी वायर गेलेली! ती वायर पाहून माझा जीव खालीवर व्हायचा.

दुसऱ्या हंगामात ती पुरती बसली. आता हळदी तोंडावर आलेल्या. सासऱ्यांनी कोणाला न सांगता कुऱ्हाड काढली. त्यांचं वय एकाहत्तर, हृदयात स्टेंट घातलेली. जानेवारीतल्या एका सकाळी मी शाळेतून आले, तर ते ओंडक्याला टेकून बसलेले, कपाळावर घाम, तोंडाने "काय नाय गो, दम खातोय." डॉक्टरांनी तपासून सांगितलं, या वेळेला निभावलं, पण पुन्हा कुऱ्हाड हातात दिसता कामा नये. बाबांची समजूत मात्र अशी की, लाकूड फुटलं नाही तर बायकांच्या ऑर्डरी बुडतील. त्यांचंही खोटं नव्हतं.

त्या रात्री घरात बैठक बसली. ह्यांचं म्हणणं, आता घ्यायची तर मोठीच घ्या. मित्राकडे ५८ सीसीची, २२ इंची पात्याची पेट्रोलवरची आहे, झाड आडवं करते. सासूबाईंनी एकच सांगितलं, "मना ती मशीन घरान नको." मी मुलीची पट्टी घेऊन अंगणात गेले आणि रासेतले सगळ्यांत जाड ओंडके मोजले. अकरा इंचांच्या वर एकही नव्हता! आपल्याला झाड पाडायचंच नाही, आणि पालिकेच्या हद्दीत १९७५ च्या कायद्याप्रमाणे वृक्ष अधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ते पाडताही येत नाही. मग २२ इंच कशाला? पाव किलो चहासाठी कोणी पाच किलोचा डबा आणत नाही. शिवाय ते धूड तेल-पेट्रोलसकट सात किलोच्या आसपास. धरणाऱ्याचे हात भरून आले की अपघात ठरलेला.

पैशांचं बोलणं अर्थातच माझ्याकडे आलं. भाकरीच्या गल्ल्यातले तेरा हजार आणि माझे दोन महिन्यांच्या पगारातले साडेआठ हजार. पैसे आमचे, तर निवडही आम्हीच करू, असं मी म्हटलं. ह्यांनी जरा मान वेळावली, पण मग स्वतःच स्कूटर काढली.

दुकानदार सगळं ह्यांच्याकडे पाहून बोलत होता. मी विचारत होते, उत्तर ह्यांना मिळत होतं! पण तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली तर विचारण्यासारख्या गोष्टी सांगून ठेवते. पहिली, वजन. आमची १४ इंची पात्याची, पातं सोडून चार किलोच्या आत आहे. दुसरी, साखळीचा ब्रेक. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला तर करवत उसळून थेट धरणाऱ्याच्या तोंडाकडे येते. साखळी सेकंदाला वीसेक मीटर वेगाने पळत असते, तेव्हा तिथे सावरायला वेळ नसतो. पुढच्या मुठीसमोरची ढाल मागे किंवा पुढे कशी पडते आणि ब्रेक कसा लागतो, हे दुकानातच करून पाहावं. तिसरी, सुटे भाग गावात मिळतात का. साखळी आणि पातं मिळालं नाही तर कितीही चांगली करवत म्हणजे शोभेची वस्तू.

आता माझी खोड सांगते. शाळेत मी इतिहास शिकवते, त्यामुळे वस्तू घरात आली की तिचं मूळ-कूळ शोधल्याशिवाय राहवत नाही. हिचं मूळ वाचून अंगावर काटाच आला. साखळीच्या करवतीची कल्पना लाकूडतोड्याची नव्हे, डॉक्टरांची! अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्रे या दोघांनी बारीक दातांची साखळी वापरात आणली. दोन्ही टोकांना मुठी, हाताने ओढून चालवायची. अडलेल्या बाळंतिणीच्या ओटीपोटाच्या हाडाचा सांधा कापून बाळाला वाट करायची, किंवा किडलेलं हाड काढायचं, हे तिचं काम. बाळंतपणात क्लोरोफॉर्म आलं ते १८४७ साली. त्याआधीच्या त्या बायकांनी काय सोसलं असेल, ते आपण बायकाच समजू शकतो.

लाकडासाठी मोटारीची करवत जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी १९२६ मध्ये केली. ती उचलायला दोन माणसं लागत. स्वीडनची हुस्कवार्ना कंपनी १८७२ पासून शिलाई मशीन बनवत होती, तिने १९५९ मध्ये पहिली साखळीची करवत काढली. म्हणजे शिलाई मशीन आणि ही करवत तशा एका घरच्या. आणि साखळीचे हल्लीचे दात? अमेरिकेत ऑरेगनमधला जो कॉक्स नावाचा लाकूडतोड्या १९४६ साली एका खुंटाशी बसून भुंग्याची अळी लाकूड कसं खाते ते पाहत होता. ती डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे जबडा चालवत जात होती. त्याने तसेच डावे-उजवे दात साखळीला बसवले. हे मी सातवीच्या वर्गात सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही ऐकत होती.

असो. करवत आली, पण चालवणार कोण? ह्यांना रविवारशिवाय सुट्टी नाही. पुतण्या एकोणीस वर्षांचा, त्याला कधी हातात घेतो असं झालेलं. त्याने पहिल्याच दिवशी एका हाताने उचलून फोटो काढायला लावला, तेव्हाच मी त्याचं नाव मनातून खोडलं. बाबांना तर मनाईच. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मी चालवीन की."

सगळे गप्प! जाऊबाई लग्नाआधीपासून यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायच्या. पंधरा वर्षं त्या मशीनच्या पुढ्यात उभ्या होत्या. पदर कुठे खोचायचा, हात कुठवर न्यायचा, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळतं. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. शेजारच्या एकीने "बाईच्या जातीला शोभतं का?" असं मला गाठून विचारलं. मी म्हटलं, सहाशे भाकऱ्यांची उकड मळणं शोभतं ना, त्याला याच्यापेक्षा जास्त जोर लागतो.

दुकानदाराचा माणूस येऊन दोन तास शिकवून गेला. जाऊबाई दिरांची जुनी जीन्स, बूट, चष्मा, कानावर झाकणं आणि अंबाडा घट्ट बांधून उभ्या राहतात. साडी, ओढणी, बांगड्या काही नाही. या करवतीचा आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कान झाकायचेच. शेजाऱ्यांसाठी दुपारी अकरा ते एक एवढीच वेळ ठेवली आहे. (तशी भिवंडीला मागांच्या खडखडाटाची सवय आहे, पण म्हणून आपण भर घालू नये.) ओंडका जमिनीवर ठेवून कापत नाहीत, साखळी मातीला लागली की धार गेली. बाबांनी लाकडी घोडा करून दिला, त्यावर ठेवतात. खांद्याच्या वर करवत न्यायची नाही. मुलं दाराच्या आत.

पेट्रोल-तेलाचं मिश्रण माझ्याकडे आहे. आमच्या पुस्तिकेत एक लिटर पेट्रोलला वीस मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल सांगितलं आहे. तुमच्या मशीनचं प्रमाण तिच्या पुस्तिकेत पाहा, शेजारणीला विचारू नका. खोकल्याच्या औषधाचं माप यासाठी उत्तम. पण ते नंतर पुन्हा औषधाला वापरायचं नाही. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते ओलावा धरतं, म्हणून लागेल तेवढंच करावं, टाकीत ठेवू नये. डबा चुलीपासून दूर, कुलपात.

आणि धार! ती बाबांकडे गेली. ते मागांचे जॉबर होते, कानस त्यांच्या हातात जन्मभर खेळली. भुसा रव्यासारखा, किसासारखा पडला तर धार ठीक. मैद्यासारखा पडू लागला की दात बोथट. मग ते पायरीवर बसतात, हातमोजे घालून एकेक दात घेतात, आतून बाहेर, प्रत्येकाला सारख्याच दोन-तीन फेऱ्या. दातांमागून दात मोजताना त्यांचे ओठ हलतात. कुऱ्हाडीचं नाव त्यांनी पुन्हा काढलेलं नाही.

भिवंडीकर मैत्रिणींना एक खास सांगायचं आहे. आपल्याकडे काल्हेर, पूर्णा, माणकोलीच्या गोदामांतून मोडके पॅलेट स्वस्तात मिळतात आणि पुष्कळ जणी चुलीला घालतात. त्यांतल्या खिळ्यांनी साखळीचे दात तर मोडतातच, पण त्यावरचा शिक्का आधी पाहा. इंग्रजी 'एचटी' म्हणजे लाकूड तापवून निर्जंतुक केलेलं. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. त्यावर भाकरी भाजू नका. रंगवलेलं लाकूड आणि प्लायवूडही नको. जंगलातलं लाकूड घेतलंत तर बिब्ब्याचं त्यात नाही ना, ते विचारून घ्या. त्याच्या धुराने अंग सुजतं.

करवतीने ओंडक्याचे फक्त आडवे तुकडे होतात, ते उभे फोडायला कुऱ्हाड लागतेच. त्यासाठी आता शहापूरच्या काकांचा मुलगा येतो. आठवड्याचं काम अडीच दिवसांवर आलं. त्याची मजुरी कमी होऊ नये म्हणून सासूबाईंनी त्याला रास रचण्याचं आणि ताडपत्री बांधण्याचं कामही दिलं आहे. तरी पूर्वी काकांना मिळत होते तेवढे पैसे त्याला मिळत नाहीत, हे मी हिशेबाच्या वहीत दर वर्षी पाहते. पुढच्या हंगामात त्याला करवत शिकवावी, असं जाऊबाई म्हणतात. सासूबाईंचं अजून ठरत नाही.

आता मे महिन्यात सगळं कापून, फोडून उन्हात घालायचं काम चाललं आहे. ओल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. ते जळण्याऐवजी धुमसतं आणि धूर आपल्या छातीत जातो. घरातल्या अशा धुराने २०२० साली जगात ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, म्हणून आमच्या चुली उघड्यावर आहेत आणि पावसाआधी वाळलेलं लाकूडच आत घेतो. पहिली साखळी झिजत आली आहे. बाबा आणि जाऊबाई बुधवारी कल्याणला जाऊन दुसरी आणणार आहेत. मी त्या दिवशी शाळेत असेन. दुकानदार या वेळी कोणाकडे पाहून बोलतो, ते जाऊबाई येऊन सांगतील.