पिंपाचा काठ आणि सोसायटीचं मीटर

सत्तरच्या दशकात वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत पाणी पहाटे यायचं आणि शाळेत निघायच्या आत जायचं. तेवढ्या वेळात काय भरायचं याचा क्रम ठरलेला होता. आधी प्यायचं, मग मोरीतलं पिंप, मग बादल्या आणि धार अजून टिकून असली तर पातेली-तपेलीसुद्धा. आंघोळ एका बादलीत. न्हायचं असेल तर आदल्या रात्री आईला सांगून ठेवायचं. तांदळाचं धुवण तुळशीला जायचं, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. संडासात डोक्यावर साखळीची लोखंडी टाकी होती, पण ती ओढली की एका आंघोळीचं पाणी भसकन जायचं. त्यामुळे बहुतेक घरांत ती शोभेलाच होती, काम डब्यावर भागायचं.

पालिकेचं पाणीखातं आम्हाला एकाच माणसाच्या रूपात माहीत होतं, तो म्हणजे चावीवाला. रस्त्यातलं झाकण उचलून तो लांब लोखंडी चावी आत घालायचा आणि वॉल्व्ह फिरवायचा. बायका गॅलरीतून हाक मारायच्या, "दादा, आज जरा पाच मिनिटं जास्त सोडा ना!" त्याचं उत्तर ठरलेलं, "वहिनी, तुम्हाला पाच मिनिटं दिली तर खेरवाडीला काय देऊ?" पाणीवाटपाचं सगळं धोरण त्या एका वाक्यात होतं आणि ते आम्हा पोरांनाही कळायचं.

पालिकेचा दुसरा माणूस यायचा तो कीटकनाशक खात्याचा. बॅटरी घेऊन तो गच्चीवर चढायचा, टाकीचं झाकण घट्ट आहे का, आत डासांच्या अळ्या आहेत का ते बघायचा आणि कार्डावर सही करून जायचा. पाण्याबाबत सरकारी नियम म्हटला की तेव्हा तो असा डासांचा असायचा. त्याचं मूळ जुनं आहे. १९११ मध्ये डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर अहवाल दिला आणि शहरातल्या विहिरींत वाढणाऱ्या डासांवर बोट ठेवलं. मग विहिरींना झाकणं घाला, नाहीतर बुजवा, असा आदेशांचा सपाटा सुरू झाला. विहिरीच्या पाण्यावर ऊन पडलंच पाहिजे म्हणून पारशी मंडळींनी त्याला हरकत घेतली, तो वादही पुष्कळ गाजला. वांद्र्याची तेव्हा नगरपालिका वेगळी होती. १९५० मध्ये वांद्रे मुंबईत आलं आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ इथेही लागू झाला. त्यातल्या कलम ३८१-अ प्रमाणे नवी विहीर, तळं किंवा हौद करायचा तर पालिकेची परवानगी लागते. शेजारचं कलम ३८१ साचलेल्या पाण्याचं आणि डासांचं. रेल्वेच्या रुळांपलीकडे, पश्चिमेला, रानवार, पाली, चिंबईच्या गावठाणांत विहिरी होत्या. नळ आले तशी त्यांची गरज कमी झाली आणि कुठे झाकण, कुठे जाळी, कुठे भराव पडत गेला.

पुढे सरकारी विचाराने नेमकी उलटी दिशा धरली. ऑक्टोबर २००२ पासून हजार चौरस मीटरहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या इमारतींना पावसाचं पाणी जिरवणं किंवा साठवणं सक्तीचं झालं. २००७ मध्ये ही मर्यादा तीनशेवर आली आणि 'विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४' मध्ये पुन्हा पाचशेवर गेली. ज्या जमिनीतल्या विहिरी एका पिढीने बुजवल्या, तिथेच पुढच्या पिढीला खड्डे खणून पाणी मुरवायचा हुकूम निघाला. कलम ३८१-अ सुद्धा नव्या कामाला लागलं. एप्रिल २०२५ मध्ये याच कलमाखाली विहीर आणि बोअरवेलच्या मालकांना नोटिसा गेल्या, की केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला आणा. याच विहिरींवर टँकर भरणाऱ्या टँकरवाल्यांनी संप केला, पालिकेने आपत्ती व्यवस्थापन कायदा उगारला आणि चार-पाच दिवसांत प्रकरण मिटलं. त्या दिवसांत मुंबईला कळलं की आपल्या कितीतरी इमारती, हॉटेलं आणि बांधकामं टँकरवर चालतात.

आता मी रुळांच्या पश्चिमेला राहतो आणि नळ चोवीस तास वाहतो. २०१४ मध्ये पालिकेने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या प्रयोगासाठी मुंबईतले दोन भाग निवडले, त्यांत मुलुंडबरोबर वांद्रे-खारचा एच पश्चिम विभाग होता. तो प्रयोग ठरल्याप्रमाणे पूर्ण झाला नाही. तरी बहुतेक इमारतींना त्याचं काही वाटत नाही, कारण पालिकेचं पाणी ठराविक वेळी येऊन तळटाकीत पडतं, पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून दिवसभर उतरत राहतं. पाण्याला आजही वेळ आहे. ती फक्त वॉचमनला ठाऊक असते.

जुन्या दिवसांना मी उगाच हार घालणार नाही. आमच्या वसाहतीत रोज पहाटे नवं पाणी येण्याआधी कालचं 'शिळं' म्हणून मोरीत ओतून दिलं जायचं. कमी पाण्यात जगणारी घरं रोज सकाळी बादल्याच्या बादल्या फेकत होती. धार गेल्यावरही नळ उघडे राहायचे आणि कुणी घरी नसताना पाणी आलं की जिन्यात पूर यायचा. पहाटे उठून भरण्याचं काम बहुतेक घरांत आईच्या नाहीतर मोठ्या बहिणीच्या वाट्याला यायचं. तेव्हा लोक काटकसरी होते, असं काही नाही. पिंपाचा काठ डोळ्यांसमोर असायचा आणि पाणी त्याच्या किती खाली गेलंय ते घरातल्या लहानग्यालाही दिसायचं, एवढंच.

मर्यादा आजही आहे, उलट जास्त बारकाईने आखलेली. पालिकेचा बऱ्याच वर्षांचा निकष म्हणजे इमारतीत माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत ४५. ठरलेल्या वापरापुढे दर टप्प्याटप्प्याने दुप्पट, तिप्पट, चौपट होतो. पण मीटर असतं फाटकाशी, सगळ्या इमारतीचं मिळून एक. आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचं बिल वाटायचं ते घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर. रोज तासभर शॉवरखाली उभा राहणारा आणि बादलीत उरकणारा, दोघांचे नळ सारखे असले तर बिलही सारखं. चौपट दराचा चटका चाळीस घरांत विभागून इतका पातळ होतो की कुणाच्या लक्षातही येत नाही. २०१८ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये दुष्काळ टोकाला गेला तेव्हा माणशी रोज ५० लिटरची मर्यादा आली आणि वापर खरोखरच उतरला. त्याचं एक कारण म्हणजे तिथल्या बऱ्याच घरांना आपला आकडा आपल्या मीटरवर दिसत होता.

आपल्याकडे ३० मे २०२४ पासून पाच टक्के आणि ५ जूनपासून दहा टक्के कपात झाली. लिफ्टजवळ नोटीस लागली आणि चार दिवसांनी एक टँकर जास्त आला. २००९ च्या कपातीतही गोष्ट याहून फार वेगळी नव्हती.

पूर्वेला, तानसाच्या जाड जलवाहिनीच्या कडेला बेहरामपाड्यासारख्या वस्त्यांत मात्र पिंप गेलेलं नाही, फक्त निळ्या प्लॅस्टिकचं झालंय. १९९५ नंतरच्या झोपड्यांना पाणी द्यायचं नाही, असा सरकारी दंडक बरीच वर्षं होता. ज्या उच्च न्यायालयाची नवी इमारत आता आमच्या जुन्या वसाहतीच्या जागेत व्हायची आहे, त्याच न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही. २०२२ मध्ये पालिकेने 'सर्वांसाठी पाणी' धोरण आणलं. माझं 'तेव्हा' त्या लोकांसाठी अजून 'आता'च आहे. फरक पन्नास वर्षांचा नाही, रुळांच्या दोन बाजूंचा आहे.

रुळांच्या आमच्या बाजूला घरोघरी मीटर हा सरळ उपाय वाटतो. नव्या टॉवरांत तो सहज बसेल. जुन्या इमारतीत मात्र स्वयंपाकघराचा पाइप एका बाजूने उतरतो, न्हाणीघराचा दुसऱ्या, संडासाचा तिसऱ्या, म्हणजे एका घराला तीन-चार मीटरं. आमच्या सर्वसाधारण सभेत हा विषय निघाला तेव्हा खर्चाच्या आकड्यावरच बुडाला. त्यापेक्षा फुकटात होणारी एक गोष्ट आहे. फाटकावरच्या मीटरचं रोजचं वाचन इमारतीतल्या माणसांच्या संख्येने भागायचं आणि तो आकडा लिफ्टशेजारच्या फळ्यावर खडूने लिहायचा, खाली १३५. पालिकेने सक्ती करायचीच असेल तर तिने या फळ्याची करावी. आकडा दोनशेवर गेला, की लिफ्टची वाट बघत उभी राहणारी माणसं निदान एकमेकांकडे संशयाने बघतील. आमच्या मजल्यावर तेवढंही पुरेल.