अम्मीची उमर

कुर्डुवाडी स्टेशनावर गाडीला उशीर झाला की बायका एकमेकींचं सगळं विचारून घेतात. गाव कुठलं, मुलं किती, मालक काय करतात, आणि मग वय. अम्मी डोक्यावरचा पदर सारखा करून हसायची. "बार्शी लाईटसे तो छोटीच हूँ, बहन." बार्शी लाईटची छोटी गाडी 1897 साली सुरू झालेली. समोरची हिशेब करीपर्यंत अम्मीने तिच्या हातावर शेंगदाणे ठेवलेले असत.

कुणी फारच चिवट निघाली तर म्हणायची, "चाँद के हिसाबसे बताऊँ, के अंग्रेजी?" हिजरी वर्ष साधारण 11 दिवसांनी लहान. 33 इंग्रजी वर्षांत चंद्राची 34 होतात. विचारणारी तिथंच गप्प. शेजारच्या काकू म्हणायच्या, "भाभी, तुम्ही वकील व्हायला हव्या होत्या!"

मला ती बायकी हौस वाटायची. मी पेशाने मास्तर. आमच्या काळात निम्म्या शाळेचा जन्म 1 जूनचा. गुरुजींनी नाव घालताना लिहिलेला. माझाही तोच. आम्ही सगळे 31 मेला रिटायर झालो. एवढं खोटं वय अंगावर वागवणाऱ्याला वयाची कसली लाज?

2020 च्या सुरुवातीला मोहल्ल्यात कागदांचीच चर्चा होती. राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीत आईवडिलांची जन्मतारीख आणि जन्मगाव विचारणार होते. मी वही घेऊन अम्मीसमोर बसलो. बार्शी लाईट ऐकायची तयारी ठेवूनच. ती हसली नाही.

"पुलिस ॲक्शन के टैम मैं गोद में थी."

म्हणजे सप्टेंबर 1948. तिचं गाव निजामाच्या हद्दीत, तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात. रझाकारांनी आधी गावाला छळलेलं. फौज आल्यावर त्याचा राग ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांच्यावरही निघाला. नानी तिला पोटाशी धरून रात्रीची बार्शीच्या बाजूला आली. नाना मागून येणार होते. आले नाहीत. मय्यतही मिळाली नाही.

इतकी वर्षं एका घरात राहून मला हे माहीत नव्हतं. नाना 'लवकर वारले' एवढंच ऐकलेलं.

"कभी बोली क्यों नहीं?"

"उमर बोले तो साल पूछते. साल बोले तो गाँव पूछते. गाँव बोले तो बाप का पूछते, बेटा." मग ती चहा टाकायला उठली.

मार्चमध्ये करोना आला, नोंदणी पुढे ढकलली गेली. वहीत तिच्या नावापुढची जागा कोरीच राहिली.

2022 मध्ये अम्मी गेली. मृत्यूची नोंद करायला गेलो. कारकून भला माणूस होता. खाली बघतच त्याने विचारलं, "वय?"

बार्शी लाईट अगदी ओठावर आली होती. मी म्हणालो, "74."

त्याने साल विचारलं नाही.