सोळाव्या ब्रिगेडीस, दाभोळहून

सोळाव्या ब्रिगेडीस,


पहिल्या महायुद्धात, १९१४च्या ऑक्टोबरात, हिंदी फौजेची ब्रिगेड म्हणून तू मुंबईहून तुर्कांवर निघालीस आणि ६ नोव्हेंबरला इराणी आखाताच्या टोकाशी, फावच्या किनाऱ्यावर उतरलीस. सेनापती डिलामेनसाहेब. चार पलटणी: डॉर्सेटचे गोरे, २०वी पंजाबी, १०४वी वेलस्ली रायफल्स आणि ११७वी मराठा. हे पत्र त्या चौथीपायी.

मराठा पलटणींत दख्खनी आणि कोकणी कंपन्या वेगळ्या असत. कोकणी म्हणजे बव्हंशी आमचा रत्नागिरी जिल्हा. दाभोळच्या बंदराला तेव्हा मुंबईची आगबोट लागायची. गिरणीत जाणारा आणि पलटणीत जाणारा एकाच डेकवर बसायचा. इथून सात-आठ कोसांवरची दापोली तर पेन्शनर सुभेदार-हवालदारांचं गावच. तिथूनच गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४मध्ये महारांची बंद केलेली लष्करभरती पुन्हा सुरू करा म्हणून अर्ज केला होता. सरकारने ऐकलं नाही. शिपाई कमी पडू लागले तेव्हा, १९१७मध्ये, १११वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१मध्ये मोडलीही. हे तुझ्या गोष्टीत बसत नाही म्हणशील, पण दापोली तालुक्यातून पाहिलं की बसतं.

बसरा घेतलंस, शैबा जिंकलंस. तिथे थांबली असतीस तर बरं झालं असतं. सेनापती टाउनशेंडच्या सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर बगदादकडे निघालीस, नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफॉनला रक्तबंबाळ झालीस आणि मागे हटून तैग्रिसच्या वळणातल्या कूटमध्ये शिरलीस. ७ डिसेंबरला तुर्कांचा वेढा पडला.

बहमनी काळात आखातातले घोडे आमच्या बंदरात उतरत. कूटमध्ये घोडेच कापून खायची पाळी आली. गोऱ्यांनी खाल्ले, बहुतेक हिंदी शिपायांनी नकार दिला. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा आल्या, तरी ताटं परत जात होती. उद्या गावी गेल्यावर आमच्या पोरींना कोण करून घेईल, असं शिपाई म्हणत. कोकणातली गावकी ज्याने पाहिली आहे त्याला ही भीती समजावून द्यावी लागत नाही. जवाच्या पिठावर दिवस निघाले, हिरड्या सुजल्या, कुठला तरी पाला उकडून खाल्ला. एप्रिलमध्ये उपासमार इतकी झाली की पुष्कळांनी अखेर तोंडात घास घातला. युद्धाच्या इतिहासांत हा हट्ट अडाणीपणाच्या खात्यात टाकलेला दिसतो. मला तो हट्ट पटत नाही, पण शिपायांचं गावाशी असलेलं इमान त्यात दिसतं.

सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३ हजार माणसं मारली गेली किंवा घायाळ झाली. तरी २९ एप्रिल १९१६ला कूट पडलं. टाउनशेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगल्यात राहिले. शिपाई वाळवंटातून पायी हाकले गेले. रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामावर किती खपले, विचारू नकोस. ११७व्या पलटणीला १९२१मध्ये ‘रॉयल’ किताब मिळाला. किताब पलटणीला मिळतो, विधवेला नाही.

आता कामाचं. बसऱ्याला तुझ्यासारख्यांचं स्मारक आहे, ४० हजारांवर मृतांचं. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही. हिंदी शिपायांचे पलटणवार आकडे तेवढे. २०२१मध्ये युद्धस्मारकांच्या आयोगाने अशा भेदभावाबद्दल माफी मागितली. कागदावर मात्र नावं आहेत; पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हाही आहे. इंग्रज कारकुनाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलेलं, त्यामुळे वाडी कुठली, हे इथल्याच माणसाला उमगेल. दापोली तालुक्याच्या नोंदी वेगळ्या काढायला मी बसलो आहे. शाळांनी हात लावला तर काम लवकर होईल.

तुझ्याकडे एक मागणं. कूटमध्ये शिपायांखेरीज हजारो बाजारबुणगे होते: भिस्ती, खेचरवाले, डोलीवाले. त्यांचीही हजेरी कोणीतरी रोज घेतच असेल. सापडली तर तीही धाड.

तुझा,
दाभोळकर