दुसऱ्यांदा पाण्यात

आमचं घर झाशीचं, पाच पिढ्यांपासून. घरात मराठी, दाराबाहेर बुंदेली. एकोणतीस वर्षांची होईपर्यंत मी समुद्र पाहिला नव्हता. पाणी म्हणजे बेतवा. सात-आठ वर्षांची असताना ओरछ्याला कांचना घाटावर माझा पाय घसरला होता. मामानं वेणी धरून ओढून काढलं. मोठेपणी दोन उन्हाळे पोहायला शिकले, पण काठाला हात पोचेल इतक्याच अंतरावर. तळ पायाला लागेनासा झाला की आजही माझा श्वास अडकतो.

नोव्हेंबरच्या शेवटी लग्न झालं. ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, तिथंच आम्ही पहिली पत्रिका ठेवली होती. डिसेंबरात मालवणला जायचं ठरलं. मंगला एक्स्प्रेस झाशीहून थेट कोकणात जाते. रत्नागिरीला उतरलो आणि पुढे एसटीनं गेलो. नवरा ग्वाल्हेरचा, पोहण्यात तरबेज. स्नॉर्केलिंग करायचं हे त्याच्या मनात फार दिवसांपासून होतं. मी हो म्हटलं. घाटावरची गोष्ट मात्र सांगितली नाही. नवं लग्न, पहिल्याच गोष्टीला नाही कसं म्हणायचं, असं वाटलं. चूक तिथंच झाली.

पहिल्या दिवशी दुपारी चारला गेलो. पौर्णिमा जवळ होती, म्हणजे उधाणाचे दिवस. ओहोटी ओढत होती आणि खाऱ्या वाऱ्यानं पाणी डचमळत होतं. हे सगळं नंतर कळलं. तेव्हा समोर फक्त सिंधुदुर्ग दिसत होता. किल्ला डोंगरावर असतो एवढंच आम्हा झाशीकरांना माहीत. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला चारी बाजूंनी पाण्यात उभा आहे. मी तिकडेच बघत राहिले आणि होडीवरच्या मुलानं काय सांगितलं ते नीट ऐकलंच नाही. त्यालाही घाई होती.

चष्मा काढला, मास्क चढवला, नळी तोंडात धरली आणि उतरले. कपाळावरचे केस मास्कच्या कडेखाली अडकले होते. तिथून पाणी आत आलं. मी भराभर श्वास घ्यायला लागले. मग नळीतही पाणी गेलं आणि ते मी गिळलं. मास्क ओढून काढला आणि नवऱ्याच्या गळ्याला मिठी मारली. जॅकेट असूनही तो माझ्या भारानं क्षणभर पाण्याखाली गेला. त्या मुलानं आम्हा दोघांना ट्यूबला धरायला लावलं. चार-पाच मिनिटांत सगळं आटोपलं.

खोलीवर आल्यावर मी रडले. तो एवढंच म्हणाला, "अगं, आधी का नाही सांगितलंस?" मग मी त्याला घाट, मामा, वेणी, सगळं सांगितलं. त्या रात्री दोघांनाही जेवण गेलं नाही.

सकाळी घावणे वाढताना घरमालकीण काकूंनी विचारलं, तर मी खरं ते सांगितलं. काकांची स्वतःची होडी होती. ते म्हणाले, आज समुद्रात जायचं नाही, चिवल्याला चला. चिवला बीचवर पाणी शांत असतं. कमरेएवढ्या पाण्यात त्यांनी आम्हाला तासभर उभं केलं.

आधी मास्क. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर ठेवायचा आणि नाकानं हवा आत ओढायची. हात सोडला तरी मास्क चिकटून राहिला, तर तो आपल्या मापाचा. मला तिसरा बसला. केस सगळे मागे बांधले. नवऱ्याच्या मिशीमुळे त्याच्या मास्कमध्ये थोडं पाणी येतच राहिलं.

मग श्वास. नळीत आधीच्या श्वासाची शिळी हवा उरते. वरवरचे भराभर श्वास घेतले की तीच पुन्हा आत जाते आणि गुदमरल्यासारखं होतं. काल माझं तेच झालं होतं. काका म्हणाले, घेण्याकडे बघू नका, सोडण्याकडे बघा. पाण्यात तोंड घालून मी मनात सहापर्यंत मोजत श्वास सोडत राहिले. नळीत पाणी आलं तर जोरात फुंकायचं. मास्कमध्ये आलं तर वरची कड कपाळाशी दाबून नाकानं हवा सोडायची. दोन्ही मी दहा-दहा वेळा केलं. पाय जमिनीवर होते, म्हणूनच करू शकले.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघालो. वारा पडला होता. लग्नासाठी आणलेल्या एक दिवसाच्या लेन्स उरल्या होत्या, त्या घातल्या. समुद्राच्या पाण्यात लेन्स नकोत, असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. त्यामुळे मास्क एकदाही काढला नाही आणि वर आल्याबरोबर त्या काढून फेकल्या. मंगळसूत्र काकूंकडे ठेवलं. काढताना हात थांबला होता. काकू म्हणाल्या, "दोरीत अडकलं तर गळ्याला काचेल. द्या इकडे."

किल्ल्याभोवतीचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे. प्रवाळावर पाय टेकायचा नाही, हे काकांनी तीनदा बजावलं. घाबरलेला माणूस आधी पाय टेकायलाच बघतो, आणि खाली तर तेच असतं. म्हणून मी ट्यूब सोडली नाही. नवऱ्याचा हात दोनदा दाबला की वर यायचं, अशी खूण ठरली होती. ती मी दोनदा वापरली. दोन्ही वेळा तो काही न विचारता वर आला.

तिसऱ्या वेळी खाली बघत राहिले. काळ्या पट्ट्यांचे पिवळसर मासे खडकावरचं काहीतरी टिपत होते. इतके जवळ की हात लांबवावा. त्यांच्याकडे बघताना आकडे मोजायचे राहून गेले, आणि श्वास तरीही चालू होता. वर आले तेव्हा काका म्हणाले, वीस मिनिटं झाली.

पुढचे दोन दिवस पोटऱ्या आणि मानेची मागची बाजू भाजून निघाली होती. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लांब विजार घालून उतरावं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या घरचं नवं जोडपं अशा ठिकाणी निघालं असेल आणि दोघांपैकी एकाला पाण्याची भीती असेल, तर ती घरूनच एकमेकांना सांगून निघा. आणि होडीत बसण्याआधी कमरेएवढ्या पाण्यात तासभर सराव करून घ्या.