न घेतलेल्या कर्जाची वसुली

पोस्ट मोठी आहे. पण सिबिल हा शब्द आता आधार आणि पॅनसारखा घराघरात शिरलाय, म्हणून वेळ काढून वाचा.

२०२५ च्या फेब्रुवारीत मूर्तिजापुरात नवऱ्या मुलाचा सिबिल बघून लग्न मोडल्याची बातमी आली, तेव्हा सगळे हसले. त्याच वर्षी पीककर्जाला सिबिल मागणाऱ्या बँकांवर गुन्हे दाखल करू, असं मुख्यमंत्र्यांना सांगावं लागलं, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. पण दोन्ही वेळा एक प्रश्न कुणी विचारला नाही. त्या अहवालात जे लिहिलंय ते खरं असतं का?

माझ्या अहवालात खरं नव्हतं.

२०२१ मध्ये शोरूममधून हप्त्यावर फ्रिज घेतला. दहा हप्ते, सगळे वेळेवर. शेवटचा हप्ता गेल्यावर फायनान्स कंपनीकडून एनओसी घेतली, फाइलला लावली. विषय संपला.

ऑगस्ट २०२४ मध्ये लेकीला पुण्यात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाला बाप सहअर्जदार. बँकेतल्या मॅडमनी अहवाल काढला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं एक खातं राइट-ऑफ दिसतंय. असं असताना केस पुढे जाणार नाही."

बघतो तर काय, फ्रिजच्या कर्जासोबत त्याच तारखेला माझ्या नावावर दुसरं एक कर्ज उघडलेलं. रक्कम २,३६० रुपये. कुठल्याशा विमा योजनेचं. ना मी ती मागितली, ना सही केली, ना पॉलिसीचा कागद कधी घरी आला. व्याज-दंड धरून आकडा ९,८४० वर गेलेला. राइट-ऑफचा अर्थही तिथेच कळला. कंपनीने आपल्या हिशेबात रक्कम बुडीत धरली, एवढंच. मागणं सोडलं असा अर्थ नाही.

कंपनीला फोन करून विचारलं, तर दुसऱ्या दिवसापासून वसुलीवाल्यांचे फोन सुरू. रात्री साडेनऊला. मग दुकानात गिऱ्हाईक असताना. मग थेट माझ्या मेहुण्यांना, "तुमचे दाजी पैसे बुडवून बसलेत." आणि शेवटी गोड बोलणं, "साडेतीन हजार टाका, सेटल करून देतो, विषय मिटवा."

घरात सगळ्यांचं एकच मत पडलं, देऊन टाका. लेकीचं वर्ष महत्त्वाचं. चारचौघांत शोभा कशाला?

इथेच खरी गोम आहे. वादातली वसुली कायद्यावर चालत नाही, ती लाजेवर चालते. नऊ हजारांसाठी कोर्टात कोण जाणार, हे त्यांनाही माहीत आणि आपल्यालाही. त्यांचा सगळा भरवसा 'लोक काय म्हणतील' यावर. म्हणूनच फोन आपल्याला कमी आणि पाहुण्यांना जास्त.

मी पैसे भरले नाहीत. कारण हिशेब साधा होता. कमी रकमेत मिटवलं की अहवालात 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' लागतं. पुढची बँक ते वाचते आणि समजते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. म्हणजे न घेतलेल्या कर्जाचे पैसेही द्यायचे आणि डागही आपल्याच हाताने लावून घ्यायचा.

मग काय केलं, ते क्रमाने सांगतो. कुणाच्या तरी कामाला येईल.

पहिलं, फोनवर बोलणं बंद. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. चारच गोष्टी मागितल्या: कर्जाचा अर्ज, माझी सही किंवा ओटीपीची नोंद, पॉलिसीची प्रत आणि खातेउतारा. सोबत जुनी एनओसी जोडली.

दुसरं, त्याच दिवशी, २० ऑगस्टला, सिबिलच्या वेबसाइटवर त्या नोंदीवर हरकत घेतली. याला पैसे लागत नाहीत. पण लक्षात ठेवा, सिबिल स्वतःहून काही खोडत नाही. ज्याने नोंद पाठवली त्याला विचारतं, आणि त्याने मान्य केलं तरच दुरुस्ती होते. म्हणून दोन्हीकडे तक्रार हवीच. आपल्याकडे सरसकट सिबिल म्हणतात, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चारही जणांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही काढा. चूक एका ठिकाणी असते आणि आपण दुसरीकडे बघत बसतो.

तिसरं, वसुलीवाल्यांसाठी वही केली. तारीख, वेळ, नंबर, काय बोलले. रिझर्व्ह बँकेचं ऑगस्ट २०२२ चं परिपत्रक स्पष्ट आहे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाईक-मित्रांना त्रास द्यायचा नाही. ती वहीची पानं स्कॅन करून पुढच्या ईमेलला जोडली. फोन आठवड्यात थांबले.

चौथं, तीस दिवसांत कंपनीचं उत्तर आलं नाही म्हणून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार. हीसुद्धा फुकट. माहितीसाठी १४४४८ हा नंबर आहे.

४ ऑक्टोबरला, म्हणजे पंचेचाळिसाव्या दिवशी नोंद निघाली. कंपनीला माझ्या सहीचा एकही कागद दाखवता आला नाही. आणि एक गंमत. एप्रिल २०२४ पासून नियम आहे की अहवालाची तक्रार तीस दिवसांत मिटली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. पंधरा दिवसांचे दीड हजार रुपये खात्यावर आले.

दीड हजार! तोवर कॉलेजची फी भरायची तारीख उलटून चालली होती. बायकोच्या पाटल्या बँकेत ठेवून पहिल्या वर्षाची फी भरली. त्या पाटल्यांचं व्याज कुठल्या परिपत्रकात बसतं?

आता स्कोअर वर आणायचं. खोटी नोंद काढणं वेगळं आणि पत उभी करणं वेगळं. आमच्यासारख्यांचं आयुष्य पतसंस्थेच्या कर्जावर गेलं, आणि बऱ्याच पतसंस्थांचं कर्ज प्रामाणिकपणे फेडलं तरी या अहवालात दिसतच नाही. म्हणून तीन कामं केली. सोनेतारण कर्ज वेळेवर फेडत गेलो, ते अहवालात दिसतं. वीस हजारांची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त दुकानाचं वीजबिल आणि मोबाइल रिचार्ज, म्हणजे मर्यादेच्या पाव हिश्श्याच्या आत, आणि बिल दरमहा पूर्ण भरायचं. आणि वर्षभर कुठेही नवीन कर्जाचा अर्ज केला नाही, कारण चार ठिकाणी अर्ज केले की तेही नोंदलं जातं. दुसऱ्या वर्षीच्या फीला शैक्षणिक कर्ज मंजूर झालं. पाटल्याही घरी आल्या.

'सिबिल सुधारून देतो' म्हणून पाच-दहा हजार मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. खरी नोंद कुणालाच खोडता येत नाही, आणि खोटी आपल्याला फुकट काढता येते.

ज्यांचं कर्ज खरं आहे पण आकड्याचा वाद आहे, त्यांनी आधी खातेउतारा मागावा. नुसत्या फोनवरून घाबरून "थोडे थोडे देतो" असं व्हॉट्सॲपवर लिहू नका. असा दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षांची असते. मुदतीत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली, तर ती पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. खरं देणं असेल तर फेडाच, पण किती आणि कशाचं हे कागदावर घेऊन.

राहता राहिला सार्वजनिक प्रश्न. कंपनीने एक नोंद टाकायला एक क्लिक लागतं, पुरावा लागत नाही. ती काढायला मला पंचेचाळीस दिवस, अकरा ईमेल आणि एनओसी लागली. एनओसी हरवली असती तर? ज्याला इंग्रजीत ईमेल लिहिता येत नाही त्याने काय करायचं? नोंद टाकण्याआधी कर्जदाराला मराठीत नोटीस आणि सहीचा कागद दाखवण्याची सक्ती का नको? पीककर्जाच्या बैठकीत सिबिलवर बोलणाऱ्या आमदार-खासदारांनी हेही विचारावं.

माझं झेरॉक्सचं दुकान बार्शीत आहे. या सगळ्या पत्रांचे नमुने मी मराठी आणि इंग्रजीत करून ठेवलेत. ज्याला लागतील त्याने येऊन घेऊन जावेत, प्रिंटचे पैसे घेणार नाही. येताना आपली एनओसी मात्र शोधून आणा.