सावित्रीकाठचे उन्हाळे आणि 1756 चा तह

1771 साली जेम्स फोर्ब्स नावाचा ईस्ट इंडिया कंपनीचा तरुण नोकर मुंबईहून दासगावला आला. महाडच्या खाली, सावित्रीच्या खाडीवर वसलेले हे छोटे बंदर. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेला फोर्ब्स आता ऐन विशीत होता. त्याला ओढ होती ती दासगावजवळच्या ऊन पाण्याच्या झऱ्यांची.

त्या काळी मुंबईकर इंग्रजांना थंड हवेचे ठिकाण ठाऊक नव्हते. महाबळेश्वर वसायला अजून अर्धशतकाहून अधिक काळ होता, माथेरान त्याहून पुढचे. प्रकृती बिघडली की समुद्राची हवा घ्यावी, नाहीतर गरम कुंडात अंग शेकावे. उष्ण कटिबंधातल्या उकाड्यात पुन्हा ऊन पाण्यातच उतरायचे, हा उपाय आज विचित्र वाटेल. पण कोकणी माणूस तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आला आहे. अशा झऱ्याला कोकणात ‘उन्हाळे’ म्हणतात. राजापूरजवळचे उन्हाळे, खेड-दापोलीकडचे उन्हवरे ही गावांची नावेच त्यावरून पडली. महाडजवळच्या सव गावी आजही असे पाणी उसळते.

हे पाणी ज्वालामुखीचे, ही समजूत मात्र सोडावी. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षे लोटली. पावसाचेच पाणी भेगांतून खोल झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि दुसऱ्या भेगेतून वर येते. पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या पट्टीत अशा झऱ्यांची ओळच आहे.

खरा प्रश्न वेगळाच. रायगड जवळच्या डोंगरांत, मुलूख पेशव्यांचा. तिथे एक इंग्रज निर्धास्तपणे विश्रांतीला कसा येतो?

उत्तर पंधरा वर्षे मागे सापडते. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानीत नव्हता, आणि त्याला वठणीवर आणण्यासाठी नानासाहेबांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले. फेब्रुवारी 1756 मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. नानासाहेबांचा राग निराधार नव्हता, पण कान्होजींनी उभारलेल्या सागरी बळाची राख आपल्याच संमतीने व्हावी, हा सौदा फार महाग पडला. त्यावर कडी म्हणजे, विजयदुर्ग हाती आल्यावर इंग्रज तो सोडीनात. अखेर ऑक्टोबरातल्या तहाने विजयदुर्ग मराठ्यांना मिळाला आणि त्याच्या बदल्यात सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट व काही गावे इंग्रजांना. बाणकोटचा हिंमतगड ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. त्या गावांत दासगावही होते.

म्हणजे फोर्ब्स परमुलखात आलाच नव्हता. तो कंपनीच्याच जागेत उतरला होता. सहलीला जाणारा बहुधा असले काही विचारीत नाही; रस्ता आहे, बंदर आहे, निवारा आहे, एवढे त्याला पुरते. फोर्ब्सच्या प्रवासांचे वर्णन त्याच्या ‘ओरिएंटल मेमॉयर्स’ या चार खंडांत, त्याच्याच चित्रांसह, 1813 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानंतर पाचच वर्षांनी, मे 1818 मध्ये, प्रॉथरच्या फौजेने रायगड घेतला.

दासगावच्या बंदराची गोष्ट तिथे थांबत नाही. खाडीमार्ग हीच पुढेही महाडची एक वाट राहिली. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, पण तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले; त्यावरून मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही झाले. त्याच डिसेंबरात दुसऱ्या परिषदेसाठी ते मुंबईहून बोटीने निघाले आणि 25 तारखेला दासगावच्या धक्क्यावर उतरले. तिथून महाडला ते पायी गेले.